सुताराच्या घरची खिडकी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम (नजर मंदावल्यापासून बंद), एका सुताराची विधवा व एका मुलीची आई, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली अगर भूलथापांना न भुलता, राजीखुशीने हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरबाईंनी आज सकाळीच तपासून सांगितले आहे. गुडघ्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करू करू म्हणत राहिले.

१. राहते घर, म्हणजे खालचे सुतारकामाचे दुकान व वरच्या दोन खोल्या, माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. बँकेतील शिल्लकही तिचीच. घर ठेवायचे की विकायचे हे तिने ठरवावे, माझी आडकाठी नाही. मात्र घेणाऱ्याने वरची गल्लीकडची खिडकी काढून तिथे सरकत्या काचा बसवायचे म्हटले, तर ती खिडकी चौकटीसकट सोडवून मुलीने स्वतःकडे न्यावी. याचे कारण कायद्याला लागत नसले तरी मुलीला माहीत असावे, म्हणून लिहिते.

हे घर आम्ही घेतले तेव्हा त्या भिंतीत नुसते भगदाड होते. माझ्या पतींनी त्यावर एक फळी ठोकली आणि म्हणाले, "तात्पुरती. उद्या चांगलं लाकूड आणतो." लाकूड आले, दुकानात भिंतीला टेकून उभे राहिले. मुलगी शाळेत जाऊ लागली, शिकली, नोकरीला लागली, तरी फळी तिथेच. थंडीत फटीतून वारा यायचा, तिथे मी कापडाच्या चिंध्या कोंबायची. आणि हाच माणूस लोकांची दारे अशी बनवायचा की एका बोटाने मिटावीत. गिऱ्हाइकाचा वायदा त्यांनी कधी मोडला नाही. घरचे काम मात्र कायमचे भिजत घोंगडे.

मी भांडले, टोमणे मारले, अबोला धरला. अबोला त्यांना मानवला.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, त्याच आठवड्यात एका दुपारी मी दुकानात उतरले, त्या लाकडातली एक फळी पुढे ओढली आणि रंधा हातात घेतला.

"हे काय करतेस?"

"खिडकी."

"तुला जमणार आहे का?"

"नाही. बिघडली तर बिघडली. कच्चा टाका समजा."

शिवणकामात आधी कच्चा टाका घालतात. तो नंतर उसवायचाच असतो, म्हणून हात घाबरत नाही. मी आयुष्यभर अवघड कपड्यांना अशीच हात घालत आले. मी रंधा ढकलला, तो अडकला, पुन्हा ढकलला. ते बघत राहिले. शेवटी राहवेना.

"अगं, रेषेच्या उलट चाललीस. लाकूड फाटेल."

"फाटू दे."

मग ते उठले, माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी रंधा वळवला, आणि खाली मान घालूनच बोलू लागले. त्यांनी पहिले स्टूल केले तेव्हा त्यांना जेमतेम मिसरूड फुटले होते. माझ्या सासऱ्यांनी गिऱ्हाइकांदेखत ते लाथेने उलटे केले आणि म्हणाले, "हे लाकूड झाडावरच बरं होतं." सगळे हसले होते.

"लोकांचं काम लोक घेऊन जातात," हे म्हणाले. "खिडकी रोज माझ्यासमोर असणार. आणि तू रोज तिच्यात बसणार."

घोडे कुठे पेंड खात होते ते मला त्या दिवशी कळले. इतकी वर्षे मी त्याला आळस म्हणत होते. ती भीती होती, आणि मी टोमणे मारून तिला खतपाणी घालत होते.

त्यानंतर आम्ही ठरवले: दुकान मिटल्यावर रोज थोडे काम, वाईट झाले तरी चालेल. काही दिवस ते पटाशीला नुसती धार लावून उठले. तेही मी काम धरले. उन्हाळा सरता सरता खिडकी बसली. वरचा उजवा सांधा किंचित फाकला आहे. ते तो पुन्हा करायला निघाले होते, मी हातातून पटाशी काढून घेतली.

त्या खिडकीतून गल्ली दिसते, समोरचे इस्त्रीचे दुकान दिसते, आणि छपरांच्या पलीकडे नदीचा एक तुकडा. पहिल्या संध्याकाळी ते बाहेर पाहत म्हणाले, "एवढंच होतं की गं हे."

तो हिवाळा आणि पुढचा हिवाळा, एवढेच आम्हाला मिळाले. मग त्यांची छाती दुखली. मला कोणाकडून काही येणे नाही. फळीमागे गेलेल्या त्या संध्याकाळी मात्र मला हव्या आहेत, आणि त्या कोणाला मागायच्या ते कळत नाही.

२. शिवणयंत्र माझी मैत्रीण, कोपऱ्यावरची बटणवाली, हिला द्यावे. ते तिसऱ्या टाक्याला रुसते, पण समजूत काढली की चालते.

३. रंधे, करवती, पटाशा व गुण्या गल्लीच्या टोकाच्या दोघा सुतारभावांना वाटून द्याव्यात. भांडल्यास सगळे थोरल्याच्या बायकोला द्यावे.

४. माझे धाकटे दीर यांनी पतींचे नाव "उद्याशेठ" ठेवले व चारचौघांत तेच चालवले. त्यांनी ड्रिल मशीन "उद्या आणून देतो" म्हणून नेले होते. ते त्यांनाच दिले असे समजावे.

५. खिडकीपाशी बसायला पतींनी एक खुर्ची केली, ती मला दिली. स्वतः स्टुलावर बसत. स्वतःसाठी करायला घेतलेल्या त्यांच्या खुर्चीचे पाय, पाठ व बैठक तयार आहेत, जोडायची राहिली. पतींना लाकूड पुरवणारे वखारवाले भाऊ दोनदा म्हणाले, "वहिनी, एका दुपारचं काम आहे. माणूस पाठवू?" दोन्ही वेळा मी म्हटले, "पाठवा, पुढच्या आठवड्यात." ते सुटे तुकडे मी दर आठवड्याला पुसते. जोवर ते सुटे आहेत तोवर खालून कोणीतरी "आलोच" म्हणेल असे वाटते. जोडले की ती फक्त एक रिकामी खुर्ची.

"सदर खुर्ची माझ्या पश्चात मुलीने जोडून घ्यावी," असे इथे लिहिले होते. लिहून थांबले. माझा उद्या मी तिच्या गळ्यात बांधत होते. ती ओळ खोडली आहे; खाडाखोड माझीच. मग फोन केला.

"आई? बरी आहेस ना?"

"बरी आहे. बाबांची खुर्ची जोडायची आहे. मला एकटीला नाही जमायचं. कधी येतेस?"

"बघते गं, या महिन्यात जरा..." तिने वाक्य अर्धेच सोडले. "शनिवारी येते. लाकूड चिकटवायला सरस आहे का घरात?"

"आणून ठेवते."

सबब खुर्चीचा या मृत्युपत्रात समावेश नाही. ती मला हयातीत लागणार आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केल्या.

लिहून ठेवणार: (सही) सुताराची बायको, शिवणकामवाली

साक्षीदार:
(सही) डॉक्टरबाई
(सही) वखारवाले भाऊ. त्यांनी डोळे पुसल्यामुळे शाई थोडी फिसकटली आहे, सही त्यांचीच आहे.

ठिकाण: राहते घर, वरची खोली
दिनांक: अकरा नोव्हेंबर, बुधवार