विमा मिळाला, जाऊबाई!

ती. जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, तेव्हा कागदावरच काय ते नीट वाकून घेते.) भावोजींचा खोकला हटला का? तुमच्या टाचेचं कसं आहे? मागच्या खेपेला सांगितलेलं मलम तुम्ही लावलं नसणार, हे धरूनच विचारते आहे. मी इकडे ठणठणीत आहे, आणि ही आता नुसती माझी समजूत राहिलेली नाही. तसं कागदावर, शिक्क्यासकट आलेलं आहे. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही, आणि ही हकिगत फारच लांब वाक्यांची आहे.

तर जाऊबाई, विमा मिळाला. आरोग्याचा. मला. परतून आल्यावर पहिल्याच भेटीत तुम्ही मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला होतात, "अगं, या वयात तुला कोण विमा देणार? तिकडेच राहायचं होतंस." तेव्हा एक तर माझ्या तोंडात घास होता आणि दुसरं म्हणजे मलाही तीच धास्ती होती. एकतीस वर्षं परदेशात हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काढली. तिथला विमा नोकरीबरोबर आला आणि देश सोडल्याबरोबर गेला. ह्यांच्या आजारपणात दवाखान्याचे सगळे कागद त्या विमावाल्यांनी परस्पर निस्तरले होते, म्हणून मला ह्यांच्याजवळ शांतपणे बसता आलं. आपल्यावर वेळ आली तर एका हाताला सलाइन आणि दुसऱ्या हाताने फॉर्म भरतोय, असं चित्र डोळ्यांपुढे यायचं.

सुरुवात कॉम्प्युटरवरून केली. एका कंपनीचा फॉर्म उघडला. त्यात जन्माचं साल लिहायचं नसतं, यादीतून निवडायचं असतं. मी यादी खाली खाली सरकवत गेले, तर ती एकोणीसशे साठपाशी संपली. त्याच्या आधी कंपनीच्या मते कोणी जन्मलेलंच नाही! (भावोजींना सांगा, म्हणजे तेही नाहीत.) दुसऱ्या कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने गोड आवाजात नाव विचारलं, गाव विचारलं, वय विचारलं, आणि मी "सत्तर" म्हटल्यावर जी शांतता पसरली ती अजून संपलेली नाही.

तिसऱ्या खेपेला एक एजंट घरी आला. टाय इतका आवळलेला की बोलताना मान न वळवता सबंध माणूस वळायचा. त्याने दोन कप चहा घेतला, मला सात वेळा "आजी" म्हटलं आणि सांगितलं की एकच कंपनी आहे, जी सत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांनाही घेते, पण एकाहत्तर पूर्ण झाली की दार बंद. शिवाय परदेशातून आलेल्या माणसाने इथे सलग एकशे ब्याऐंशी दिवस राहिल्याचा दाखला हवा. मी कॅलेंडर काढलं. माझे एकशे ब्याऐंशी दिवस भरत होते एका गुरुवारी. आणि मला एकाहत्तर पूर्ण होत होती शुक्रवारी. म्हणजे सबंध आयुष्यात मी या विम्याला पात्र होणार होते तो एकच दिवस! एजंटाने टाय सैल केला, "अवघड आहे आजी," म्हणाला आणि तिसरा कप न घेताच गेला. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

मग मीच कंबर कसली. गुरुवारच्या आधी बाकीचे कागद तयार ठेवायचे ठरवलं. तिकडच्या डॉक्टरांचे अहवाल तिकडच्या भाषेत, त्यांचं भाषांतर हवं. एक निवृत्त भाषांतरकार सापडले. उभा जन्म कोर्टातल्या कागदांवर घालवलेला. अत्यंत काटेकोर माणूस. त्यांनी माझ्या दातांच्या अहवालाचंही भाषांतर केलं (मी सांगितलं नव्हतं, पण अर्धवट काम त्यांना खपत नाही) आणि लिहिलं, "डाव्या बाजूस वरच्या अंगाला पूल बांधलेला असून त्याची अवस्था समाधानकारक आहे." झालं! कागद आधी पडताळून घ्यायला कंपनीत पाठवले होते, तिथे कोणीतरी ते वाचलं आणि मला पत्र आलं की अर्जदार बांधकामाच्या धोकादायक व्यवसायात असल्याने अर्ज स्वीकारता येणार नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं. नंतर तशीच उठून कंपनीच्या कचेरीत गेले आणि खिडकीतल्या चष्मेवाल्या बाईंसमोर तोंड उघडून तो पूल दाखवला. बाईंनी वाकून पाहिलं, आणखी दोघांना बोलावून दाखवला, आणि नकार मागे घेतला.

तपासण्याही झाल्या. पट्ट्यावर चालायची एक असते. यंत्र चालवणारा माणूस आधीच म्हणाला, "काकू, दम लागला की हात वर करा." जाऊबाई, ओल्या चादरींची गाडी ढकलत मी लॉन्ड्रीतून रोज किती चालायचे ते या माणसाला काय ठाऊक? मी चालत राहिले. तो आपला एकदा माझ्याकडे, एकदा पडद्याकडे बघतोय. शेवटी त्यानेच हात वर केला. साखर थोडी जास्त निघाली, ती मी आधीच फॉर्मवर लिहून दिली होती. गुडघे, मोतीबिंदू, सगळं लिहिलं होतं. लपवाछपवी करायची नाही हे पक्कं ठरवलं होतं, कारण मला ते जमत नाही हे तुम्ही जाणताच.

आणि आला गुरुवार. सकाळी पालिकेच्या कचेरीत दाखल्यासाठी पहिला नंबर माझा. तिथल्या कारकुनाने माझ्या पासपोर्टावरच्या तारखेपासून बोटांवर दिवस मोजले, मध्येच कोणी हाक मारली, विसरला, पुन्हा पहिल्यापासून मोजले. दुपारी दाखला हातात पडला. तशीच रिक्षाने विम्याच्या कचेरीत. पोचते तर खिडकीवर चष्मेवाल्या बाई पिशवी आवरतायत. म्हणाल्या, "काकू, तीन वाजल्यापासून सिस्टिम बंद आहे. उद्या या."

मी म्हटलं, "उद्या मी म्हातारी होणार आहे."

बाईंना आधी वाटलं मी चेष्टा करते आहे. मी जन्माचा दाखला पुढे सरकवला. त्यांनी तारीख पाहिली, कॅलेंडर पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. मॅनेजरसाहेब बाहेर आले. सज्जन गृहस्थ, पण प्रत्येक वाक्याची सुरुवात "नियमाप्रमाणे" अशी. नियमाप्रमाणे म्हणे अर्ज सिस्टिममध्ये चढला तरच धरला जातो. तेव्हा मी पर्समधून त्यांची स्वतःची चौसष्ट पानी पुस्तिका काढली. जाऊबाई, ही पुस्तिका मी भिंग घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आहे. ज्या बाईने एकतीस वर्षं प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूची चिठ्ठी वाचल्याशिवाय तो मशिनात टाकला नाही, ती विमा असाच घेईल होय? सतरावं कलम मोठ्याने वाचून दाखवलं, की अर्ज कागदावर दिला तरी शाखेच्या शिक्क्यावरची तारीख हीच अर्जाची तारीख धरावी.

साहेबांनी पुस्तिका घेतली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "हे इथे आहे?" असं त्यांनी मला विचारलं. मला! मग जरा नवलाने म्हणाले, "नियमाप्रमाणे बरोबर आहे."

पाचला दहा कमी. अर्ज तयार. शिक्का काढला, तर शाईचं पॅड वाळून खडखडीत. सिस्टिम आल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. साहेब पॅडवर फुंकर मारतायत, बाई कप्पे उपसतायत. मी काउंटरवरची हात साफ करायची बाटली उचलली, पॅडवर चार थेंब टाकले आणि अंगठ्याने गोल गोल चोळलं. चादरींवर वॉर्डांचे शिक्के मारण्यात माझी हयात गेली आहे, वाळलेलं पॅड कसं जागं करायचं ते मला कोणी शिकवायला नको. शाई वर आली. साहेबांनी शिक्का उचलला, मी म्हटलं, "थांबा, आधी तारीख बघा." तारीख चार वर्षांपूर्वीची होती! बाईंनी नखाने चाकं फिरवून ती गुरुवारवर आणली, आणि ठप्प! इतका सुंदर आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता. बाईंनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी नियमात नसताना मला दारापर्यंत सोडलं. रस्त्यावर आले. ह्यांना सांगावंसं वाटलं. मग वाटलं, तुम्हाला लिहावं.

काल पॉलिसी घरी आली. मी ती उशीखाली न ठेवता समोर टेबलावर ठेवली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. तेव्हा या वयात मला विमा कोण देणार, याचं उत्तर सविनय सादर आहे. भावोजींना नमस्कार, आणि टाचेला मलम लावा.

आपली,
धाकटी

ता. क. पॉलिसी आता नीट वाचली. गुडघे दोन वर्षं धरले जाणार नाहीत. मोतीबिंदूही दोन वर्षं नाही. साखरेमुळे जे काही होईल ते तीन वर्षं नाही. थोडक्यात, माझ्यातलं जे जे बिघडलेलं आहे ते सोडून बाकी सगळ्याचा विमा उतरलेला आहे. हे कृपा करून कोणाला सांगू नका.

ता. क. दुसरा. पत्र लिहायला बसले ते खरं तर एक गोष्ट विचारायला, आणि तीच राहिली. फॉर्मवर एक चौकट होती, की मला दवाखान्यात हलवलं तर कोणाला बोलवायचं. पाचला बारा मिनिटं होती, विचारायला वेळ नव्हता, मी तुमचं नाव लिहून टाकलं. पुढे नातं विचारलं होतं. त्यांच्या यादीत नवरा, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि इतर एवढंच होतं. जाऊ नव्हती. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "इतर"वर खूण करा. माझा हात होईना. मी "बहीण" वर केली.

ता. क. तिसरा. खात्री करायला कंपनीचा तुम्हाला फोन येईल, येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी, अकरा ते एकच्या दरम्यान. नातं काय, म्हणून विचारतील. तुम्ही जन्मात कधी खोटं बोलला नाहीत (माझ्या तोंडावर तर नाहीच नाही), म्हणून आधीच कळवते आहे. म्हणजे त्या सोमवारपर्यंत ते खरं करून घ्यायला आपल्या दोघींना आठवडाभर तरी मिळेल.