दीपालीची पाळी आणि आमचं शहाणपण

वरसे, मंगळवार संध्याकाळ

पेणहून आल्यापासून डोकं भणभणतंय. भाची दीपालीला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. दोन वर्षांपूर्वी तिचं मूल पोटातच गेलं, तेव्हा पिशवी दोनदा खरवडून साफ केली होती. त्या जखमांनी ती आतून चिकटलीय, म्हणून पाळी नावापुरती येते आणि दिवस राहत नाहीत. आणि सासू हिलाच वांझ म्हणते!

पण मी तरी कुठली शहाणी? हिच्या सासरी, हमरापूरला, गणपतींचा कारखाना. डोळ्यांची आखणी दीपालीची. पाळीत मूर्तीला शिवायचं नाही, म्हणून चार दिवस काम अडायचं. पाळी अर्ध्या दिवसावर आली तशी सासू खूश. मीही म्हटलं, "बरंच झालं गो, सुटलीस!" बरंच झालं म्हणे! जीभ कशी झडली नाय माझी? तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला काय झालं होतं?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुर्बिणीने चिकटलेलं सोडवता येईल, अगदी या गुरुवारीसुद्धा. तरी दिवस राहतीलच असं नाही. राहिले तर बाळाची वार पिशवीला चिकटून बसायची भीती, म्हणून बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच.

दीपाली सासरी न जाता माझ्याबरोबर आली. तिच्यासमोरच विहीणबाईंना स्पीकरवर फोन लावला.

"गणपती होऊंदे, मग बघू," म्हणाल्या. "आता डोळे कोण काढणार?"

"देव थांबेल, विहीणबाई. हिचं वय थांबणार नाय!"

"तिला काय घाई नाय. विचारा तिलाच."

मी विचारलं नाही. दीपालीनेच माझ्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि म्हणाली, "मावशी, गुरुवारची वेळ घे."