पाचव्या खोलीचा काटा

२८ जुलै १९८६, सोमवार

आले एकदाची रत्नागिरीला. आमच्या नाटे गावाहून एसटीने अर्धा दिवस मोडला. शेजारणीच्या टोपलीत सुकी मासळी, माझ्या पिशवीत फणसपोळी. उमाने पिशवी उघडली तर फणसपोळीला बांगड्याचा वास. हसून हसून दोघींची पुरेवाट झाली. उमा माझी सून, गुणाची आहे, फक्त आमटीत गूळ घालायला विसरते. तीन महिन्यांची नात, मैना म्हणतात लाडाने, तिने मला बघून जी जांभई दिलीन ती थेट तिच्या आजोबांची. आज ते हवे होते.

माझा मुलगा चारू, त्याचं टेलिफोनचं केंद्र गावाबाहेर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर आहे. पुढे ऑफिस, मागे राहायच्या दोन खोल्या, मध्ये एक दार. भिंती इतक्या कोऱ्या की चुन्याचा वास येतो. खिडकीतून भाट्याच्या बाजूची खाडी दिसते. आणखी काय पाहिजे माणसाला.

मी दिवसभर पुटपुटत असते, ते लिहून काढ म्हणाला चारू, आणि गेल्या सालचं अर्धं कोरं रजिस्टर दिलंन. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही मास्तर गावात असले तर. पुढून त्याच्या आकड्यांची पानं आहेत म्हणून मी मागून सुरू केलं आहे.

३० जुलै, बुधवार

आज चारूचं काम समजून घेतलं. नाट्याला कोणी विचारलं तर सांगता यायला हवं ना.

लांब लांबच्या पाच टेकड्यांवर पाच खोल्या आहेत. प्रत्येकीवर लोखंडी मनोरा, आणि मुंबईची टेलिफोनची बोलणी एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातात. तिथे माणूस राहत नाही. वीज गेली तरी बोलणी तुटू नयेत म्हणून खोलीत चोवीस बॅटऱ्या, लोणच्याच्या बरण्यांसारख्या ओळीने मांडलेल्या. चारू इथे बसून त्यांची नाडी बघतो. वैद्यच म्हणायचा. खोलीगणिक दोन काटे. एक सांगतो बॅटरीत जीव किती, तो पन्नासावर हवा. चव्वेचाळीसच्या खाली गेला की बॅटरी संपत आली. दुसरा सांगतो तिच्यावर भार किती, तो सहावर.

गंमत पुढेच आहे. बॅटऱ्यांना पाणी घालायला माणूस जातो, तो आत शिरला की पहिल्यांदा दिवा लावतो. दिवा बॅटरीवरच, म्हणून भार सहाचा सात होतो. इथे कळतं, माणूस पोचला. मग इथून एक कळ दाबायची, तिथे घंटी वाजते. म्हणजे बघितलं हो तुला. निघताना तो दिवा बंद करतो, काटा परत सहावर. न बोलता केवढं बोलणं!

दर तासाला आकडे रजिस्टरात लिहायचे. चारूचा हात इतका बसला आहे की काट्याकडे न बघताच भरभर लिहितो. मी मीठमोहरी ओवाळून टाकली. उगाच कोणाची दृष्ट नको.

२ ऑगस्ट, शनिवार

चारूचा जोडीदार रजेवर गेला आहे, सगळं याच्याच अंगावर. म्हणून तिन्हीसांजेला मी तासभर काट्यांपुढे बसते, तो तेवढी पाठ टेकतो. देवापुढे दिवा लावायचा आणि मैनेला मांडीवर घेऊन इथे बसायचं. ती काट्यांकडे टकमक बघते. बापाची नोकरी घेणार.

आज मजा झाली. मी दिवा लावून येते तो पाचव्या खोलीचा काटा सहावरून सातावर. पाचवी म्हणजे सातविणीचा सडा, सगळ्यात लांबची. म्हटलं, इतक्या पावसात कोण गं बाई पोचलं तिथे. कळ दाबली. काटा लगेच सहावर आला. परत सातावर. परत दाबली. लहान मुलाने पदराआडून डोकावावं तसं चाललं होतं.

चारूला सांगितलं नाही. म्हणेल, आई, खेळतेस काय.

५ ऑगस्ट, मंगळवार

रोज तिन्हीसांजेला तो काटा हलतो. मी वाट बघते. कोणीतरी एकटं बसलं असेल, त्याला बरं वाटत असेल.

आज परसात कोणी उमाला हाक मारली तशी ती लगेच 'ओ' म्हणून धावली. मी रागावले. आमच्या आतेने शिकवलेलं, दिवेलागणीला हाक आली तर दोन हाका गप्प राहायचं. तिसरी आली की ओ द्यायची. माणूस तीनदा हाक मारतो, भुताखेतांना तिसरी हाक मारता येत नाही. आणि पहिलीला ओ दिली तर ते तुला धरून बसतं. उमा म्हणाली, आई, ती भाजीवाली गोदा होती. मग दोघी हसलो.

७ ऑगस्ट, गुरुवार

गोदा आज ओटीवर बसली, टाकळ्याची जुडी सोडून. मूळची आतल्या भागातल्या पुरी गावची, पण नवरा इथे कामाला होता म्हणून इथेच राहिली. नवऱ्याचं नाव हरिश्चंद्र. खोल्यांमधल्या बॅटऱ्यांना पाणी घालायचा. पाचही टेकड्या पायी करायचा, चार दिवसांची फेरी. गेल्या श्रावणात पाचव्या खोलीत वाऱ्याने दार आपटलं आणि बाहेरची कडी आपसूक पडली. दार उघडं राहावं म्हणून लावायचा चिरा, तो दगड, पावसाने घसरला होता म्हणे. दम्याचा माणूस. चौथ्या दिवशी दार उघडलं तेव्हा हात दिव्याच्या बटणावर होता.

मी आपली मोठेपणाने सांगायला गेले की इथे बसून सगळं दिसतं, दिवा लावला तरी कळतं.

गोदाने सोडलेली जुडी परत बांधली. मग म्हणाली, "आजी, मग तीन दिवस त्यानी दिवा लावून हाका मारल्यान, ता कुणाला दिसला नाय?"

टाकळ्याचे पैसे घेतले नाहीत तिने.

८ ऑगस्ट, शुक्रवार

रजिस्टर उलटं केलं. पुढच्या बाजूने.

गेल्या सालची बारा, तेरा, चौदा ऑगस्ट. पाचवी खोली. पन्नास, सहा. पन्नास, सहा. पन्नास, सहा. तीन दिवस, रात्रंदिवस, प्रत्येक तासाला. एकदाही सात नाही. अक्षर सगळं चारूचं, जोडीदार तेव्हाही रजेवर असणार. गोल, सुरेख. चौथीत याच अक्षराला बक्षीस मिळालं होतं.

दिवा लागला तर सात होतोच. मी डोळ्यांनी बघते आहे.

सूर्य मावळला. काटा सातावर गेला. मी कळ दाबली नाही. तो खाली आलाच नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

उमाला आणि मैनेला सकाळी भाट्याला तिच्या माहेरी पाठवलं. मंगळागौरीचं निमित्त सांगितलं. मैनेची कुंची इथेच राहिली आहे.

मग चारूपुढे रजिस्टर ठेवलं. जेवत होता. हात ताटातच थांबला. पान न उलटताच म्हणाला, "आई, आकडे रोज तेच असतात गं."

एवढंच. उठून हात धुतलेन.

मीही सांगितलं, मी घंटी वाजवते आहे म्हणून. आठ दिवस. त्याने कमर चाचपलीन. खोलीला कुलूप आहे म्हणाला, किल्ली माझ्याच कमरेला आहे.

१० ऑगस्ट, रविवार

काटा आता दिवसाही सातावर. दिवा लागला तो लागलाच. टेकडीवर वादळाने वीज नाही, म्हणजे सगळा भार बॅटरीवर. जीवाचा काटा एकोणपन्नास. संध्याकाळी अठ्ठेचाळीस.

आता कळलं. काटा वर जाणं हीही हाकच. दिवेलागणीला आली, आणि मी पहिल्या हाकेलाच ओ दिली. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं.

कळ दाबली की दिवा घटकाभर विझतो. नाही दाबली की लागतो. मी खुर्ची सोडू शकत नाही. नैवेद्य झाला नाही, आंघोळ नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

सत्तेचाळीस. बॅटरी संपली तर चौकशी होईल, मागची रजिस्टरं उघडतील, म्हणून चारू उद्या वर जायचं म्हणतो. पण मला वाटतं तो त्यासाठी जात नाही. बॅटरी मरू दे म्हटलं. नोकरी जाऊ दे. पाय धरले मुलाचे.

म्हणाला, कोणीतरी दार उघडायला जायलाच हवं होतं ना आई.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी गेला. ड्रायव्हर बाबू जीप घेऊन बरोबर.

दुपारी बाबू एकटाच परत. वाटेतल्या ओढ्याच्या मोरीपाशी पाणी चढायला लागलं, चारू उतरून चालत पुढे गेला, उद्या न्यायला ये म्हणाला. चिरा दाराला नीट लाव, हे मी सांगितलं होतं. तीनदा सांगितलं.

चारू निघाल्यापासून काटा सहावरच होता. चार वाजता सातावर. मग आठावर.

एका खोलीत दिवा एकच.

पाच वाजता

परत सहा. जीव पंचेचाळीस.

बाबूला म्हटलं, माणसं घे, आत्ताच जा. म्हणतो, मोरीवरून पाणी चाललंय आजी, उतरेपर्यंत जीप काय, बैलही जायचा नाही. पायरीवर बसला आहे. माझ्याकडे बघत नाही. बाहेरचा टेलिफोन सकाळपासून मुका.

साडेपाच

चारूने निघताना सांगितलं होतं, काही झालं तर दिवा लावीन, बंद करीन, तीनदा. आतेची गोष्ट त्यालाही ठाऊक. माझ्याच मांडीवर ऐकली.

तीनदा आलं तर माझा मुलगा. घंटी वाजवायची. आत कोंडलेल्याला कळायला हवं की बघितलं. हरिश्चंद्राला तेवढंही मिळालं नाही.

दोनदाच आलं तर तो नाही. मग कळ दाबायची नाही. माझ्या एका 'ओ'साठी चारू तिथवर गेला. आता दिली तर—

तिन्हीसांज

देवापुढे दिवा लावला नाही. खुर्ची सोडवत नाही.

जीव त्रेचाळीस.

सात. सहा.

एकदा.

पानं संपत आली. पुढच्या पानामागे त्याचे आकडे सुरू. पन्नास, सहा. पन्नास, सहा.

बेचाळीस. काटा थरथरतो आहे—

सात. सहा.

दोनदा.

एक्केचाळीस. बॅटरी विझत आली. माझाच मुलगा असला तरी तिसऱ्यांदा दिवा लागायला पुरेल का ती. हे आतेने सांगितलं नव्हतं. हे कोणीच—

बोट कळेवर आहे. चारू, बाळा, मी बघते आहे रे, मी न बघता लिहीत नाही, मी काट्याकडेच—

काटा