बेसचं बटण आधी खाली आण

चिमणे,

१९७३ साली आजोबांच्या बँडकडे बेस गिटारचा वेगळा अ‍ॅम्प नव्हता. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, साध्या गिटारच्या याच अ‍ॅम्पवर बेस वाजवायच्या. काल तू बेसचं बटण पार टोकाला नेलंस आणि स्पीकर फडफडला. वन्सं उलट करायच्या. बेस निम्म्याखाली, मधलं बटण वर, आवाज बेताचा. मग अ‍ॅम्पवर तळहात ठेवून तार छेडायच्या. हाताला गुदगुल्या झाल्या तर ठीक, धक्के बसले की आवाज आणखी कमी.

ड्रमवाला चिडवायचा, “ताई, ताप आहे का त्याला?”

“त्याला नाही, तुझ्या हातांना आहे. जरा हळू बडव!”

पण त्या वाजवायला लागल्या की तोच मान डोलवायचा.

मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातेय, तिथूनच तुझ्या कार्यक्रमाला हॉलवर येईन. स्पीकर फाटला तर आज दुसरा मिळायचा नाही, तेव्हा सांभाळून.

ड्रमवाला परदेशी गेला, आजोबा आपल्याला सोडून गेले. वन्संचा बेस सासरी माळ्यावर पडून राहिला, तो आता तुझ्या हातात आहे. आज त्या तुला ऐकायला येतायत. कान गेलेत त्यांचे, म्हणून अ‍ॅम्प पहिल्या खुर्चीजवळ ठेव. त्यांना हात पुरेल.

आजी