माझा उजवा पाय आधी मागं का जातो, याविषयी

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळी तीन शिकाऊ, दुपारी एक. दुपारच्या बाईंनी रिव्हर्स घेताना गाडी कुंडीवर घातली. कुंडी फुटली, गाडीला काही नाही. सहा ते सात नाचाचा वर्ग. घरी येऊन जेवलो आणि पत्राला बसलो.

तीर्थस्वरूप अक्का यांना सादर नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? साडूभाऊंच्या डोळ्याची पट्टी सुटली असेल आणि त्यांना सगळं स्पष्ट दिसत असेल, म्हणजे हे पत्र तेच तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांनी मधे हसायला थांबू नये, ही विनंती. इकडे मी ठीक आहे. वजन दीड किलो उतरलं, त्याचं कारण पुढे येईल.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या बहिणीला जाऊन पुरते आठ महिने झाले नाहीत आणि मी एका बेकरीवाल्याचा हात धरून गोल गोल फिरतो हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. खरं आहे. फक्त तुमच्यापर्यंत ते शेवटाकडून पोचलं, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

लेकीच्या लग्नाच्या स्वागतसमारंभात बापलेकीनं जोडीनं एक नाच करायचा, हे तुमच्या बहिणीनं परस्पर कबूल करून टाकलं होतं. (मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी ‘बघतो’ म्हणालो असतो आणि अजून बघतच असतो.) तिनं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून नाचाचं एक पुस्तक आणलं. त्यात पावलं कशी टाकायची ते बुटांच्या लाल-निळ्या ठशांनी छापलेलं होतं. त्याबरहुकूम तिनं स्वयंपाकघराच्या फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, लाल माझ्या आणि निळ्या तिच्या. तीन महिने आम्ही रोज संध्याकाळी टेबल भिंतीला सरकवून नाचलो. मागं, बाजूला, जुळव. पुढं, बाजूला, जुळव. मग ती हात वर करायची आणि मी त्याच्याखालून गिरकी घ्यायचो. शेवटी तिला उभं राहवेना, तेव्हा ती स्टुलावर बसून नुसता हात वर धरायची आणि मी वाकून खालून जायचो. म्हणायची, “आता तुम्हाला डोळे मिटून जमेल.” जमायचंही. (त्या पट्ट्या नंतर आवराआवरीत तुम्ही सुरीनं खरवडून काढल्यात. मी काही बोललो नाही. तुम्ही सगळं घर लख्ख करत होतात, आणि बोलायचं म्हटलं की मला नेहमी उशीर होतो.)

लग्न पुढं ढकललं, ते आता येत्या महिन्यात आहे. सराव राहावा म्हणून मी वर्गात नाव घातलं. मनात होतं, आपल्याला येतंच, नुसता गंज झाडायचा. वर्ग एका शाळेच्या व्यायामशाळेत भरतो आणि शिकवणाऱ्या बाई माझ्याच जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. गाडी माझ्याकडे शिकल्या, परीक्षेत दोनदा नापास. त्या मला सर म्हणतात, मी त्यांना बाई म्हणतो, त्यामुळे कोण कोणाला शिकवतंय ते नवीन माणसाला कळत नाही. पहिल्या दिवशी पुरुष भिंतीकडे, बायका खिडकीकडे. माझ्यासमोर दातांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. संगीत सुरू झालं आणि मी मागं गेलो. त्याही मागं गेल्या. हात ताणले गेले. पुढच्या तीन मोजण्यांत आम्ही दोघंही अगदी मनापासून पुढं आलो. त्यांनी कपाळ चोळत आधी माझे दात शाबूत आहेत का ते पाहिलं. मग गिरकी आली. त्या माझा हात वर जायची वाट बघतायत, मी त्यांचा. शेवटी दोघांनीही एकदमच गिरकी घेतली आणि पाठीला पाठ लावून, हात गुंतवून आम्ही थांबलो. बाई सोडवायला आल्या.

“सर, हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“घरी. मिसेसनं.”

“अहो, त्यांनी तुम्हाला फॉलोअरची पावलं शिकवलीत! पुरुष इथं लीडर. त्यानं डावा पाय पुढं टाकायचा, हात वर करायचा आणि समोरच्याला फिरवायचं. विसरा ते सगळं. पहिल्यापासून सुरू करू.”

अक्का, सत्तावीस वर्षं मी बाजूच्या सीटवर बसून लोकांच्या सवयी मोडल्यात. पंधरा दिवस लागतात. मग आधी पाय कसा पडत होता, ते माणसाला आठवतसुद्धा नाही. माझी अडचण तीच होती. तिचे कपडे तुम्ही आणि लेकीनं देऊन टाकलेत, बरोबर केलंत. चष्मा ड्रॉवरमध्ये आहे. पण उजवा पाय आधी मागं जाणं, हे तिनं माझ्या अंगात घातलेलं होतं आणि तेच मला विसरायला सांगत होते. न विसरावं, तर दीडशे माणसांसमोर लेकीचा नाच बुडणार. पुढचे दोन गुरुवार मी व्यायामशाळेबाहेर गाडी लावून वर्ग सुटेपर्यंत आत बसून राहिलो आणि घरी आलो. (गाडी रेषेत लावली होती.)

तिसऱ्या गुरुवारी बाईंनी काचेवर टकटक केलं.

“सर, उतरा. हँडब्रेक ओढलाय ना? मग चला. आज बायका कमी पडल्यात, बेकरीवाल्याला जोडीदार नाही.”

“पण मी अजून काही विसरलो नाहीये.”

“नका विसरू. तसेच या.”

तर हा तुमचा बेकरीवाला. दरवाजाएवढा माणूस, कोपरापर्यंत पीठ आणि स्वभावानं लाजरा. पहिल्या गिरकीला त्यानं मला पीठ मळल्यासारखं ओढलं. मी म्हणालो, “ओढू नका, नुसतं सुचवा. आणि पायांकडे नको, समोर बघा.” तेवढ्यात पलीकडून बाई ओरडल्या, “हेच! हेच ऐकत मी दोनदा नापास झालेय!” दोन आठवड्यांत बेकरीवाला उत्तम लीडर झाला. मी वर्गात सगळ्यात चांगला फॉलोअर आहे, हे मी म्हणत नाही, बाई म्हणतात. पण लेकीचा प्रश्न तसाच होता. परवा फोनवर तिला धीर करून सांगितलं, की मला मागं जाता येतं, पुढं येत नाही. ती मग म्हणाली, “बाबा, मला मागंच जाता येत नाही. आईनं मला बायकांची म्हणून शिकवलेली पावलं आहेत ना, त्यात डावा पाय पुढंच टाकायचाय.” होणाऱ्या जावयाशी तिची रोज टक्कर होत होती आणि तो बिचारा, आपलंच चुकतंय समजून, रोज माफी मागत होता. (स्वभाव चांगला आहे.)

आज ती वर्गाला आली. तिनं डावा पाय पुढं टाकला आणि माझा उजवा आपसूक मागं गेला. तिनं हात वर केला, मी खालून फिरलो आणि पुन्हा तिच्यासमोर आलो. एकदा मी सवयीनं ब्रेक दाबला, तो तिच्या अंगठ्यावर. ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही. मला फार सुटल्यासारखं वाटलं, अक्का. घरी येऊन दोनदा वाढून घेतलं.

आता एकच राहिलं. एक तर तुमच्या बहिणीनं पुस्तकातले लाल-निळे ठसे उलटे वाचले, म्हणून आम्ही बापलेक उलटे शिकलो. नाही तर तिनं मुद्दाम केलं. संसाराची सव्वीस वर्षं गाडी मी चालवली, पण कुठं वळायचं ते तीच सांगत आली. पुढं ते कोणी सांगायचं, याची तिनं सोय करून ठेवली असेल.

लग्नाला चार दिवस आधी या. साडूभाऊंना नमस्कार.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. आवरताना तुम्ही पुस्तकांचं एक खोकं नेलंत, त्यात ते नाचाचं पुस्तक आहे. येताना आणा. पान एकतीसवर, कोणता रंग कुणाचा ते छापलंय तिथं, तिनं पेन्सिलीनं काही लिहिलेलं आहे. तेव्हा माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. पान उघडू नका. उघडलंत आणि चूक दिसली, तर कळवू नका.

ता. क. २. तुम्ही उघडणारच. काय लिहिलंय ते लगेच कळवा.

ता. क. ३. चिकटपट्टीची रिळं सापडली. निळं पुरेल, लाल थोडंच आहे. आता टेबल भिंतीला सरकवतो आणि आधी फरशी पुसून घेतो, नाही तर पट्टी धरत नाही.