हँडब्रेक कुणी सोडला

मंगळवार, १२ मार्च

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, दवाखान्याच्या चढावरच्या सिग्नलला, माझ्या नवऱ्याने माझ्या गाडीचा हँडब्रेक सोडला. माझ्या डोळ्यांदेखत! हे आधी लिहून ठेवते, कारण संध्याकाळपर्यंत घरात दुसरीच कथा तयार झाली आहे.

दिवा लाल होता. मी नेहमीसारखा हँडब्रेक ओढला, गिअर काढला, पाय सैल सोडले. गुडघा दुखतो माझा. दिवा हिरवा होईपर्यंत पेडल दाबून बसायची मला हौस नाही. शिवाय मागच्या माणसाच्या डोळ्यांत आपला लाल दिवा कशाला खुपसायचा? पण आमच्या घरात ड्रायव्हिंग स्कूलचे सर राहतात ना! रिटायर झाले तरी सर ते सरच. "हँडब्रेक आळशी माणसांसाठी. गाडी पायात पाहिजे." हे मी लग्नाच्या आधीपासून ऐकते आहे. गाडी शिकायला गेले आणि शिक्षकच गळ्यात पडला.

आज नुसतं बोलून थांबले नाहीत. सरळ हात घातला आणि लिव्हर खाली! वर मला म्हणतात, "घाबरू नकोस, मी धरलंय." काय धरलंय? डोंबल! गाडी मागे निघाली. मी ब्रेकवर पाय आपटेपर्यंत मागे धाडकन आवाज.

स्कूटर होती. स्कूटरवरच्या बाईचं उजवं मनगट मोडलं. शिवणकाम करते ती. रस्त्यावर बसून एकच म्हणत होती, "आता कात्री कशी धरू?"

माणसं जमली. हे खाली उतरले आणि वर्गात सांगावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "तिचा पाय सरकला."

तिचा. म्हणजे माझा.

बुधवार, १३ मार्च

दिवसभर एक शब्द बोलले नाही. त्यांना पत्ताही नाही! चहा हवा झाला की घसा खाकरतात.

शुक्रवार, १५ मार्च

चिरंजीव आले. चार तासांचा प्रवास करून, चेहऱ्यावर समजूतदारपणा फासून.

"आई, या वयात होतं असं. लाजण्यासारखं काही नाही त्यात."

"मी लाजतच नाहीये. तुझ्या बाबांनी हँडब्रेक सोडला."

"बाबांनी? अगं, अर्ध्या गावाला गाडी शिकवलीये त्यांनी!"

"उरलेल्या अर्ध्या गावाचं नशीब थोर."

हसला नाही. लहानपणी हसायचा. आता ऑफिसात साहेब आहे, हसायचं बंद केलंय. गाडी दुरुस्तीला पाठवली, माझ्या पर्समधली चावी काढून घेतली – माझ्या पर्समधून! – आणि म्हणाला, "त्या शिवणकामवाल्या बाईंना भेटून माफी माग. बरं दिसतं."

"मी नाही केलेलं. मी मागणार नाही."

सदतीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढली. दोरीने बांधल्यासारखं नियमाने वागले. लायसन्सवर आजवर ओरखडा नाही. आणि आता नवऱ्याच्या उद्योगाचं खापर माझ्या डोक्यावर!

निघताना दारात चपला घालता घालता त्याने आवाज खाली आणला. "बाबा बरे आहेत ना गं? काही असेल तर लगेच सांग. तुझ्या एकटीच्याने निभायचं नाही. मी त्यांना माझ्याकडे नेईन, तू ताईकडे जा. आमच्या घरात दोघं नाही मावणार."

मी म्हटलं, "भांडीही अर्धी अर्धी करून ठेवू का?"

रविवार, १७ मार्च

शेवटी मीच बोलले. न बोलून माझंच डोकं दुखायला लागलं होतं.

"हँडब्रेक तुम्ही सोडलात. हो की नाही?"

"सोडला ना," हे पेपरातून वर न बघता. "त्याशिवाय तू चढावर गाडी उचलायला कशी शिकणार? माझा ब्रेक दाबलेला होता. तूच पाय काढलास."

काय हा कांगावा! कॉन्व्हेंटात एखादी मुलगी खोटं बोलते असा संशय आला की सिस्टर आधी तिचे कान बघायच्या. खोटं बोललं की कान लाल होतात म्हणे. मी यांचे कान बघितले. नेहमीसारखे होते. निगरगट्ट माणूस!

दुपारी एक कागद लिहून त्यांच्या कपाखाली ठेवला. झाला प्रकार लेखी कबूल करावा, मुलाला कळवावा, वगैरे. यांनी चष्मा लावला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "अक्षर अजून काय सुरेख आहे तुझं!"

डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. आधी त्यांचं.

बुधवार, २० मार्च

गॅरेजवाला गाडी घेऊन आला. चावी सरांच्याच हातात द्यायची, अशी चिरंजीवांची ताकीद होती. गुन्हेगाराच्या हातात चावी आणि फिर्यादी फाटकापाशी उभी.

हे लगेच गाडीत बसले. स्टिअरिंगपुढे नाही, शेजारच्या सीटवर. आयुष्यभर तिथेच बसले. बसल्या बसल्या पायाने खालची चटई चाचपायला लागले. इकडे दाबून बघ, तिकडे दाबून बघ. मग चटई उचलली. मग रागावले.

"अरे, माझ्या बाजूचा ब्रेक कुठंय? काढलास तर परत बसवायला नको?"

गॅरेजवाला हसला. "काका, शेजारच्या सीटला कुठला आलाय ब्रेक? तो शिकाऊ गाडीत असतो."

शिकाऊ गाडी! सरांच्या पायाशी वेगळं पेडल होतं तिच्यात. पोरं चढावर घाबरली की हे हँडब्रेक स्वतःच सोडायचे, आपलं पेडल दाबून गाडी धरायचे आणि म्हणायचे, "घाबरू नकोस." मलाही तसंच शिकवलं होतं. ती गाडी विकून अकरा वर्षं झाली. ही पांढरी गाडी माझ्या पेन्शनीतून घेतली. तिच्यात तसलं काही कधीच नव्हतं.

हे चटई हातात धरून माझ्याकडे बघत होते. मला चिडलेले सर ओळखता येतात, हट्टी सर ओळखता येतात. हे तोंड मी पहिल्यांदा बघितलं.

"होता ना गं इथे?"

गॅरेजवाला माझ्याकडे बघत होता.

"होता," मी म्हटलं. "मीच काढायला सांगितला."

"मग सांगायचं नाही का मला?" असं म्हणून ते ओरडले माझ्यावर. गॅरेजवाल्यासमोर. ओरडू दिलं.

आठ दिवस जपून ठेवलेला राग होता माझा. चांगला, खरा, हक्काचा! तो कुणावर काढू आता?

गुरुवार, २१ मार्च

शिवणकामवाल्या बाईंकडे जाऊन माफी मागितली. पाय सरकला म्हटलं – माझा. "होतं हो मावशी, वयोमानाने," म्हणाली. गिळलं.

चिरंजीवांना पत्र टाकलं : 'चूक माझीच. लायसन्स सोबत पाठवत आहे, गाडी विकून टाक. बाबा ठणठणीत आहेत. आम्ही दोघं याच घरात राहू, एकत्र. यात तू पुन्हा पडणार नाहीस, असं तुझ्या सहीनिशी लेखी उत्तर हवं. ३० मार्च, शनिवार, दुपारी बाराच्या आत. फोन चालणार नाही.'