मे महिन्यातले आठ दिवस

आप्पा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी आज दुपारी लालबागच्या घरात तुमच्यावर चिडून बसले आहे. आपली चाळ पाडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला, मला अकराव्या मजल्यावर जागा मिळाली. खिडकीशी एक टेबल आहे. त्यावर गोंदाच्या बाटल्या, बारीक ब्रश, कानस आणि प्लास्टिकचे सुटे भाग पसरलेले असतात. निवृत्त झाल्यापासून मला हा नाद लागलाय. लष्करी गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती जोडायच्या, रंगवायच्या, चाकांना चिखल लावायचा. पहिला ट्रक आणला होता नातवासाठी. त्याने दोन दिवसांत सोडून दिला, मी पुरा केला. तीन टनी, हिरवा, मागे ताडपत्री. तुम्ही फौजेत असलाच ट्रक चालवायचात, एवढंच मला तुमच्या त्या नऊ वर्षांबद्दल माहीत होतं.

आमचा एक गट आहे. महिन्यातून एका रविवारी दादरला शाळेच्या हॉलमध्ये जमतो. बारा-तेरा जण, त्यात बायका दोनच. गट चालवतात ते एक निवृत्त दातांचे डॉक्टर. विमानांचा त्यांना भारी शौक, माणूस वाईट नाही, पण बोलताना समोरच्याला सतत गुण देत असल्यासारखे बोलतात. गेल्या पावसाळ्यात ठरलं की प्रदर्शन भरवायचं आणि प्रत्येक मॉडेलशेजारी एक कार्ड ठेवायचं. कार्डावर आपल्या घरातलं फौजेत कोण होतं, ते. मग सगळे गोल बसून सांगायला लागले. कुणाचे आजोबा ब्रह्मदेशातून चालत परत आलेले, कुणाचा काका रणगाड्यावर होता, एकाने स्वतः नौदलात पंधरा वर्षं काढलेली. एक सुभेदार निवृत्त होऊन आमच्यात आलेत, ते मात्र "होतो, झालं" एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला लागले. माझी पाळी आली. मी म्हटलं, "वडील होते. ड्रायव्हर."

"ड्रायव्हर," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मागच्या फळीत. असू दे, असू दे. तेही लागतंच की."

तेही लागतंच की! आप्पा, मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "दारूगोळ्याची गाडी न्यायचे. वरून तोफांचा मारा चालू असताना." मग टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. डॉक्टरांनी स्वतः उठून मला चहा आणून दिला. खोटं बोलले, आणि ते मला आवडलं.

पण डॉक्टर असले पक्के, की दर रविवारी विचारायचे. कुठली तुकडी? कुठली लढाई? साल काय? कार्डावर लिहायला पाहिजे ना, मॅडम. आणि मला कळलं की माझ्याकडे तुमचं काहीच नाही. एक फोटो नाही, एक गोष्ट नाही. बाकीच्यांच्या घरी आजोबा जेवताना युद्ध सांगत बसायचे. तुम्ही जेवताना मीठ मागायलासुद्धा तोंड उघडायचा नाहीत, बोटाने दाखवायचात. फौजेतून आलात आणि गिरणीच्या लॉरीवर लागलात, गिरणी बंद पडल्यावर शाळेची बस चालवलीत. आयुष्यभर स्टेअरिंग हातात, आणि तोंडाला कुलूप.

एक दिवस मात्र मला नीट आठवतो. मी आठ वर्षांची. आईने तुमचा डबा घेऊन मला गिरणीच्या गेटवर पाठवलंय. लॉरी उभी आहे, मागे कापसाच्या गाठी, दार उघडं. तुम्ही गेटवाल्याशी बोलताय. मी चढते आणि तुमच्या जागेवर बसते, दोन्ही हातांनी ते मोठं चाक धरते. तुम्ही बघता. तुमचा चेहरा असा होतो, की मला वाटतं माझ्या मागे कुणीतरी उभं आहे. "उतर! आधी खाली उतर!" आणि उतरायची वाटही न बघता तुम्ही मला दंडाला धरून ओढलंत. मी दगडांवर पडले, गुडघा फुटला, डबा सांडला. गेटवाला म्हणाला, "अरे, पोर आहे, बंद गाडी आहे." तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाहीत. मला उचललं नाहीत. वरणभात तसाच रस्त्यावर ठेवून लॉरीत चढलात आणि निघून गेलात. गुडघ्यावरचा वण अजून आहे.

आणि मग तो मे महिना. दर वर्षी मेमध्ये आठ दिवस तुम्ही एकटे जायचात. "गावाक जावन येतंय," म्हणायचात. आम्हाला न्यायचं नाही, आम्ही गणपतीत जायचं. आईनेही आधी काही मनावर घेतलं नाही. मग गावाहून आत्याचं आंतर्देशीय पत्र आलं, मीच ते आईला वाचून दाखवलं. त्यात शेवटी होतं, 'दादा यंदाही आला नाही, पोरांना घेऊन गणपतीत तरी या.' आई पोळपाटावर भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं.

त्यानंतर दर मेमध्ये ते आठ दिवस आई घरातल्या सगळ्या गोधड्या काढून धुवायची. एकटी, चाळीच्या नळावर, कुणाला हात लावू द्यायची नाही. तुम्ही परत यायचात काळवंडून, तळहात सोललेले, बरोबर कोकमांची पिशवी. ती पिशवी आई तुमच्यादेखत शेजारी देऊन टाकायची. तुम्ही बघायचात आणि पायरीवर जाऊन विडी पेटवायचात. एकोणीस वर्षांची झाल्यावर मी धीर करून विचारलं, "आप्पा, तुम्ही जाता कुठे?" तुम्ही म्हणालात, "तुका काय करूचा आसा?" एवढंच. ज्या घरात एका खोलीत पाच माणसं झोपतात, तिथे तुम्ही हे सगळं कुठे लपवून ठेवलंत, आप्पा?

आई आधी गेली. परळच्या हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, मला जवळ बोलावून म्हणाली, "ह्ये गेले की तिका कळय हां. तिचोय हक्क आसा." मी म्हटलं, "कुणाला, आई?" तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पाच वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा मी बाराव्यापर्यंत दारात बसून होते. येणाऱ्या प्रत्येक अनोळखी बाईकडे मी बघत होते, की हीच असेल का. कुणी आलं नाही. मला कुणाला कळवताही आलं नाही.

तर डॉक्टरांच्या त्या कार्डापायी मी बदलापूरला भावाला फोन केला. तो म्हणाला, "आहे ना, आप्पांचं फौजेतलं डिस्चार्जचं पुस्तक माझ्याकडेच आहे. कशाला उकरतेस गं आता?" मी जाऊन घेऊन आले. त्यात तुमचा नंबर, तुमची तुकडी, आणि एका पानावर लाल शाईत नोंद. इंग्रजीत. हँडब्रेक न लावता गाडी सोडून उतरल्यामुळे गाडी दरीत गेली, आत बसलेला एक जवान मेला. शिक्षा म्हणून नाईकाच्या हुद्द्याची फीत काढली. मी ते चारदा वाचलं. रणगाडे नाहीत, तोफा नाहीत. निष्काळजीपणा. मी सुभेदारांना ते पुस्तक दाखवलं, बाकी कुणाला नाही. त्यांनी पान बघितलं, मिटलं आणि म्हणाले, "ताई, लाल शाईवरून माणूस ओळखू नका. नंबर माझ्याकडे राहू द्या." दीड महिन्याने त्यांचा फोन आला. तुमच्या तुकडीतला एक माणूस जिवंत आहे. आणि कुठे, तर वरळीला. बीडीडी चाळींच्या जागी झालेल्या नव्या इमारतीत. आपल्या चाळीपासून चालत पाऊण तासावर.

चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत ते. सतराव्या मजल्यावर, सुनेने बुद्धाच्या मूर्तीपुढे मोगरा ठेवलेला, आणि हे लोखंडी खुर्चीवर ताठ बसलेले. मी कुणाची मुलगी ते सांगितलं, तर त्यांनी चष्मा पुसून लावला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "नाक त्याचंच आहे."

मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते उघडलंच नाही. "लाल शाईचं ना? ते खोटं आहे पोरी. मी साक्ष दिली त्याला."

मग त्यांनी सांगितलं. लढाई नव्हतीच. रेशनच्या गाड्या वर चालल्या होत्या, बटाटे आणि रॉकेल. तुमच्या गाडीवर मदतनीस म्हणून मंडणगडच्या बाजूचा एक विशीतला जवान होता. "त्याला गाडी चालवायची काय हौस! लायसन अजून मिळायचं होतं. रोज तुझ्या बापाच्या मागे, उस्ताद, एकदा द्या, उस्ताद, एकदा द्या. त्या दिवशी सरळ रस्ता लागला म्हणून याने दिली. दोन मैल नीट चालवली गं त्याने. मग समोरून खाली येणारा ताफा आला. रिव्हर्स घ्यायला पाहिजे. तुझ्या बापाने तेव्हा स्वतः बसायला हवं होतं. पण ते समोरचे हॉर्न मारतायत, घाई करतायत. हा उतरला आणि मागे उभा राहून हात दाखवायला लागला. आने दो, आने दो. मी माझ्या गाडीतून बघतोय. आणि रस्त्याची कडा खचली."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. खाली पोचायला दीड तास लागला."

सुनेने पाणी आणलं. ते प्यायले नाहीत. "चौकशी बसली. बिनलायसनचा पोरगा चालवत होता हे कागदावर आलं असतं, तर चूक त्याची ठरली असती. घरी म्हातारे आईबाप, दुसरं कुणी नाही. त्यांना पेन्शन कुठली मिळणार होती? तुझा बाप मला म्हणाला, तू काही बघितलं नाहीस, बोलायचं ते मी बोलतो. आणि आत जाऊन सांगितलं, मी ब्रेक न लावता उतरलो."

"म्हणजे त्यांची चूक नव्हतीच."

"नव्हती कशी? स्टेअरिंग कुणी दिलं? चूक त्याचीच होती पोरी. कागदावर फक्त दुसरी चूक लिहिली."

मी उठायला लागले तर म्हणाले, "मे महिन्यात जायचा ना तो? मी एकदा गेलो होतो बरोबर. त्या पोराच्या म्हाताऱ्या बापाला छपरावर चढता यायचं नाही. हा जाऊन पावसाआधी घर शाकारून द्यायचा, कौलं फिरवायचा. म्हातारी खालून ओरडायची, बाळा, जपून रे."

"त्यांना माहीत होतं? गाडी कोण चालवत होतं ते?"

"पहिल्याच वर्षी सांगितलं त्याने. म्हातारा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शिडी आणून दिली."

आप्पा, मला इथे तुमचा अभिमान वाटायला हवा. सुभेदारांना सांगितलं असतं तर त्यांनी सलाम ठोकला असता. मला राग आला. वरळीपासून लालबागपर्यंत टॅक्सीत मी रागाने रडत आले. त्यांना सांगितलंत! ज्यांचा मुलगा तुमच्यामुळे गेला, त्यांच्या दारात उभं राहून तोंडावर सांगायची हिंमत तुमच्यात होती. आणि आईला नाही? एक वाक्य होतं. 'मी एकाच्या घराची कौलं फिरवायला जातो.' एवढं. पोलिसांत जाऊन ओरडली नसती ती. पेन्शनच्या ऑफिसात जाऊन सांगितलं नसतं. तिने तुमच्याबरोबर भाकऱ्या बांधून दिल्या असत्या. उलट ती तीस वर्षं एका नसलेल्या बाईशी भांडत राहिली, आणि मरताना तिला हक्क देऊन गेली. तुम्ही तिच्या उशाशी बसला होता तेव्हा. तेव्हाही नाही. ती तुम्हाला माफ करेल याचीच तुम्हाला भीती होती का? मला खरंच कळत नाही, आणि विचारायला आता कुणी नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी मी माझा ट्रक टेबलावर ठेवला आणि डॉक्टरांना सगळ्यांसमोर म्हटलं, "तोफांचा मारा वगैरे काही नव्हता. मी खोटं सांगितलं होतं. ते रेशनची गाडी चालवायचे." डॉक्टरांचा चेहरा पडला. "अहो, मग कार्डावर काय लिहू मी आता?" मी म्हटलं, "ड्रायव्हर लिहा." त्यांनी लिहिलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. लोक रणगाड्यांपाशी गर्दी करत होते. बाकीचं मी कुणाला सांगितलं नाही. त्या पोराचे आईबाप कधीच गेले, आता कुणाचं काही अडत नाही, तरी तोंडून निघालं नाही. भावालाही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. वरळीच्या त्या म्हाताऱ्यांकडे मी अजून जाते. दर मंगळवारी. ते सांगतात, मी ऐकते. तुमच्याबद्दल, तुम्ही बर्फात गाणी म्हणायचात त्याबद्दल. तुम्ही, आणि गाणी! घरी सांगते, बँकेत जाते, नाहीतर डोळे दाखवायला जाते. गेल्या मंगळवारी परत आले तर माझे यजमान चपला घालून दारातच उभे होते. चिडलेले नव्हते. हळूच म्हणाले, "हल्ली तू कुठे जातेस गं?"

सांगता आलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. मी पर्स टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "कुठे नाही."